रिकामी आली की उडते: एका जिप्सीच्या मागच्या शॉकपचं प्रकरण

फेब्रुवारीत नाना त्यांची मारुती जिप्सी घेऊन माझ्या गॅरेजवर आले. गाडीतून उतरायच्या आधीच हुकूम सुटला, "भाऊ, सगळ्यात भारी शॉकप टाकी दे. आते पैसा पाहू नको." चौदा महिन्यांत ही तिसरी जोडी होणार होती. पुस्तकात त्याला शॉक अब्सॉर्बर म्हणतात. आमच्याकडे गिऱ्हाईक, मेकॅनिक आणि स्पेअर पार्टवाला तिघंही शॉकपच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.

नाना सोलर पंपाची कामं घेतात. दुकान शहाद्यात, पण कामं बहुतेक सातपुड्यात. म्हसावद, राणीपूर, मग सातपायरी घाट चढून तोरणमाळ आणि तिथून पुढे पाड्यांवर. आठवड्याला दोन फेऱ्या ठरलेल्या. जाताना मागे स्ट्रक्चरचे अँगल, केबलची बंडलं, मोटर, बॅटऱ्या. येताना गाडी जवळजवळ मोकळी. खाली डांबर, घाटात वळणं, आणि वर गेल्यावर खडी उखडलेली वाट, जिच्यात पावसाच्या पाण्याने आडवे चर पाडलेले. ही वाट पुढे महत्त्वाची ठरली.

गाडी सेकंडहँड जिप्सी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पुढे-मागे अखंड हाउसिंग (दोन चाकांना जोडणारा लोखंडी आस), चारही चाकांना पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग), कॉइल स्प्रिंग कुठेच नाही. १९८५ साली आलेल्या या गाडीची बांधणी शेवटपर्यंत तशीच राहिली. पाट्यांवरची गाडी दुरुस्तीला सोपी, पण तिच्यात कुणीही हात घालतो. नानांच्या आधीच्या मालकाने घातला होता. पाट्यांना कमान मारून एक जादा पाटा बसवलेला आणि मागे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा. त्यामुळे गाडी मागून चांगली उंच दिसायची, आणि नानांना ती तशीच आवडली होती.

पहिली जोडी साध्या ऑइलच्या शॉकपची. चार महिन्यांत दोन्ही मागचे गळले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मोठ्या शहरातून 'गॅसवाले हेवी ड्यूटी' मागवले, चारही मिळून अठ्ठावीस हजार. ते गळले नाहीत. पण मागच्या डाव्या शॉकपचं खालचं बुश (बोल्टभोवतीचं रबर) फाटलं, वरचा बोल्ट ज्या ब्रॅकेटवर बसतो तो चेसिसपाशी तडकला, आणि गाडी होती त्याहून कडक झाली.

"त्रास नेमका कधी होतो?" मी विचारलं.

"माल भरेल ऱ्हास तवय बरी चालस. रिकामी व्हयनी का उडस."

हे वाक्य मी वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं. याचं एक तयार उत्तर असतं: पाटे मालाच्या हिशोबाने कडक, मग मोकळी गाडी उडणारच. ते खोटं नाही, पण त्याने ब्रॅकेट का तडकला हे कळत नाही. मोकळ्या गाडीत शॉकपवर ताण कमी यायला हवा. इथे शॉकप मोडतोय तो मोकळ्या गाडीतच.

बंपरवर जोर देऊन मागची बाजू दाबली आणि सोडली. एकदा वर आली आणि थांबली. म्हणजे शॉकप मेलेले नव्हते. टायरमध्ये हवा ३८ पीएसआय, घाटाआधी पेट्रोल पंपावर भरलेली. त्या टायरला मोकळ्या गाडीत एवढी हवा म्हणजे अर्धा धक्का तिथेच. पाटे गंजून एकमेकांना इतके चिकटलेले की पट्टीचं टोकही मधे जात नव्हतं. पाटे एकमेकांवर घासत सरकतात तेव्हाच त्यांचा स्प्रिंग होतो. गंजून एकजीव झाले की छोट्या खड्ड्याला ते हलतच नाहीत, अख्खी गाडी हलते. त्यामुळे 'कडक' ही तक्रार शॉकपच्या नावावर लिहायच्या आधी निम्मी हवा आणि गंज यांच्या नावावर लिहिली.

मग नानांना गाडी चालवायला लावून मी मागच्या आडव्या बाकावर बसलो. लोणखेड्याकडून एका शेतरस्त्यावर घेतली. उसाच्या ट्रॅक्टरांनी तिथे अशी चाकोरी पाडली आहे की चाक आत जातं आणि बाहेर येतं. एक हात बाकावर, एक हात साइडच्या पत्र्यावर. 'टक्' असा लोखंडी आवाज यायचा, पण चाक उंचवट्यावर आदळताना नव्हे. चाक खड्ड्यात पडताना यायचा. पाच-सहा वेळा लक्ष देऊन ऐकला. दर वेळी पडतानाच.

आवाज चाक पडताना येत असेल तर बघायची ती शॉकपची लांबी. त्याच्या ताकदीचा प्रश्न नंतर.

मोजमाप

गाडी सपाटीवर मोकळी उभी केली आणि मागच्या शॉकपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत टेप लावली. ४२५ मिमी. शॉकप काढला, पूर्ण ओढला: ४५५. पूर्ण दाबला: २८५. म्हणजे स्ट्रोक १७० मिमीचा, पण गाडी उभी असताना खाली जायला त्यातले फक्त ३० मिमी उरलेले. तीस. शॉकप तिरका बसतो, म्हणून चाकाच्या हिशोबात ते ३३ होतात. सातपुड्यातल्या त्या आडव्या चरांत चाकाला तेवढं खाली जायला जागा म्हणजे काहीच नाही.

शॉकप काढलेलेच होते, म्हणून चेसिस घोडीवर (स्टँडवर) घेतली आणि हाउसिंग मोकळं लोंबू दिलं. तेच अंतर आता ५१०. पाटे चाकाला ५१० पर्यंत खाली सोडायला तयार, शॉकप ४५५ ला अडवून धरणारा. मधल्या ५५ मिमीत जे काही व्हायचं ते दर चराला होत होतं: हाउसिंग, दोन चाकं, ड्रम, सगळ्यांचं वजन पिस्टनवर लटकायचं आणि पिस्टन रॉड धरणाऱ्या वरच्या गाइडवर आपटायचा. शॉकप हालचाल शमवायला बनवलेला असतो. इथे त्याला दोरखंडाचं काम लावलं होतं. साधा होता तेव्हा सील गेलं. दणकट टाकला तेव्हा तो टिकला, पण त्याचा मार ब्रॅकेटने खाल्ला.

माल भरल्यावर गाडी बरी का चालायची तेही यातच कळलं. जिनिंगच्या वजनकाट्यावर फक्त मागची चाकं घेतली. मोकळी ४८० किलो, नेहमीच्या मालासह ७६०. दोनशे ऐंशी किलोंनी मागची बाजू ४० मिमी खाली बसली. म्हणजे भरलेल्या गाडीत शॉकपला खाली जायला तीसऐवजी साधारण ६६ मिमी मिळत होते. माल शॉकपला जागा करून देत होता, इतकंच.

नानांची पहिली जोडी त्यांच्या दुकानात पडून होती. ती मागवली. साध्या ऑइलची असल्याने हॅकसॉने कापली. (गॅस भरलेला शॉकप असा कापू नका. एकाच नळीचा, म्हणजे मोनोट्यूब, असेल तर आतला दाब वीस-तीस बारचा असतो.) रॉड गाइडच्या खालच्या तोंडावर पिस्टनच्या मापाची चकचकीत गोल खूण, आणि एका बाजूला धातू दबून ओठासारखा बाहेर आलेला. नानांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला. "हाई काय शे?" म्हणाले. मी म्हटलं, चार महिन्यांचे खड्डे.

लांब शॉकप घ्या म्हणणं सोपं आहे

इथपर्यंत आलं की कुणीही म्हणेल, मग पन्नास मिमी लांब शॉकप घाला. माझ्या हेल्परने म्हटलंच. पण शॉकप लांब केला की तो बंद होतानाही लांबच राहतो, आणि अडचण तिथे आहे.

प्रत्येक शॉकपमध्ये काही लांबी मेलेली असते: दोन्ही टोकांचे डोळे (बोल्ट जातो त्या कड्या), पिस्टनची जाडी, गाइड, सील, तळाचा व्हॉल्व्ह. नानांच्या शॉकपमध्ये ती ११५ मिमी होती. बंद लांबीतून स्ट्रोक वजा केला की ती मिळते: २८५ वजा १७०. त्याच बांधणीचा शॉकप घेतला तर स्ट्रोक एक मिमी वाढवल्यावर उघडी लांबी दोन मिमी वाढते आणि बंद लांबी एक मिमी. ५२० ला उघडणारा हवा असेल तर स्ट्रोक जेमतेम २०२ मिमीचा, आणि बंद लांबी ३१७ च्या पुढे.

आता वरची बाजू बघू. चाक फार वर जाऊ नये म्हणून चेसिसखाली बंप स्टॉपर असतो. मोकळ्या गाडीत त्याचं रबर आणि हाउसिंग यांत ११० मिमी अंतर होतं. रबर स्वतः वीसेक मिमी दबतं. म्हणजे चाक १३० मिमी वर जाऊ शकतं. शॉकप सुमारे २५ अंश तिरका, तेव्हा त्याच्या वाट्याला ११८ मिमी. ४२५ मधून ते गेले की ३०७. चाक पूर्ण वर गेल्यावर दोन बोल्टमध्ये एवढंच अंतर उरतं. ३१७ चा शॉकप तिथे मावणार नाही. बंप स्टॉपरला टेकायच्या दहा मिमी आधीच तो तळाला आपटेल. आज गाइड फुटतोय, उद्या तळाचा व्हॉल्व्ह फुटेल आणि खालून दणका थेट चेसिसला. नियम साधा आहे: चाक वर जाताना आधी रबराने अडवायचं, आणि तेव्हा शॉकपमध्ये किमान पंधरा-वीस मिमी शिल्लक हवेत.

तेव्हा बाजारातल्या कुठल्याही कंपनीचा कितीही महाग शॉकप या गाडीत, आहे त्या स्थितीत, नीट बसणारच नव्हता. नानांना हे पटवायला एक चहा आणि पाठकोऱ्या कागदावर तीन आकृत्या लागल्या.

वाटा तीन होत्या. बंप स्टॉपरखाली ठोकळा टाकून चाकाचं वर जाणं कमी करायचं. पण भरलेल्या गाडीत आधीच ७० मिमी उरतात, त्यातले तीस मी कुठून देऊ? दुसरी, आधीच्या मालकाने वाढवलेली उंची कमी करायची. तिसरी, शॉकपचा वरचा बोल्ट आणखी वर न्यायचा. एरवी चेसिसवर नवीन ब्रॅकेट वेल्ड करायला मी सहसा तयार होत नाही. पण इथे ब्रॅकेट तडकलेलाच होता, तो कापून नवा लावावाच लागणार होता. मग तो जुन्याच जागी का लावा? वर फ्लोअरपर्यंत जागा बघितली. २५ मिमी मिळत होते, त्याच्या वर पत्रा.

दुसरी आणि तिसरी मिळून केली. मागचे लांब शॅकल काढून मूळ मापाचे घातले, तिथे २० मिमी उंची गेली. जादा पाटा ठेवला, कारण माल खरा आहे आणि तो पाट्यांनीच उचलायचा आहे. शॅकलला मी पहिल्या दिवसापासून नाराज होतो. लांब शॅकलवर मागची बाजू वळणात आडवी डुलते, आणि घाटात ती डुलायला नकोच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ मांडणीत बदल केलेली गाडी पासिंगला नेली की इन्स्पेक्टरची नजर आधी खालीच जाते. नाना मात्र खट्टू झाले. "आते कसाले लहान करी ऱ्हायना?" मी म्हटलं, उंची दोन बोटांनी जाईल, पण चाक खाली जाईल ते दुप्पट.

नवा हिशोब असा बसला. मोकळ्या गाडीत बोल्ट ते बोल्ट ४३२. चाक पूर्ण वर: ३३२. पूर्ण लोंबतं: ५१७. मागवायचा शॉकप: उघडा ५०५, बंद ३१०, स्ट्रोक १९५. वर २२ मिमीची सूट राहिली. खाली शॉकप पुन्हा ताणला जाऊ नये म्हणून हाउसिंगला दोन्ही बाजूंनी नायलॉनचे जाड पट्टे बांधले, ४९५ ला आवळले जातील असे. लोंबत्या चाकाचं वजन आता पट्टा घेतो. पूर्वी चाक ३३ मिमी खाली जायचं, आता साधारण ७०.

मग जात आणि ताकद

मापं ठरल्यावर निवड आपोआप आवळत जाते. लोक उलटं करतात: आधी रंग आणि नाव, मग 'बसेल ना?' म्हणून विचारणं.

नानांच्या मनात मोनोट्यूब होता, कारण कुणाच्या तरी गाडीला पाहिला होता. मोनोट्यूब चांगली गोष्ट आहे. एकच नळी, तेल आणि नायट्रोजन मधे सरकत्या पिस्टनने वेगळे, त्यामुळे तेलाला फेस येत नाही, आणि तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने उष्णता पटकन बाहेर जाते. पण गॅसची खोली त्याच नळीत, तेलाच्या ओळीतच असते, म्हणून मेलेली लांबी वाढते. आपल्याकडे एकेक मिमीची मारामार. दुसरं, कामाची नळी आणि बाहेरची नळी एकच. त्या वाटेवर चाकाने उडवलेला धोंडा लागून पोचा आला की पिस्टन तिथेच अडकला. ट्विनट्यूबमध्ये, म्हणजे नळीत नळी असलेल्यात, बाहेरच्या नळीला पोचा आला तरी आतली सुखरूप राहते. तिसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही: दाबाचा गॅस रॉडला सतत बाहेर ढकलत असतो. १४ मिमीचा रॉड आणि २५ बार दाब धरा, तर ३८५ न्यूटन, म्हणजे एका बाजूला जवळपास ३९ किलो. मोकळी असताना आधीच हलक्या असलेल्या मागच्या बाजूला तो आणखी वर उचलणार. मला ते नको होतं.

बाहेर तेलाचा डबा असलेले शॉकप तर लांबच. ते उष्णतेसाठी असतात, आणि उष्णता वेगातून येते. वाळवंटातल्या शर्यतीत ताशी शंभरने लाटा कापणाऱ्या गाडीचं ते दुखणं. नाना वरच्या वाटेवर पंधरा-वीसने जातात. तरी खात्री म्हणून एका फेरीनंतर तापमान मोजायची इन्फ्रारेड गन लावली होती. शॉकपच्या अंगाला हात लावता येत नव्हता एवढं खरं, पण आकडा सत्तरीत होता. त्याला डबा लागत नाही.

फोम सेलवर मी थोडा अडलो. त्यात गॅसऐवजी बाहेरच्या नळीत फोमचं आवरण असतं, त्यामुळे तेलात हवा मिसळत नाही आणि रॉड ढकलणारा दाबही नाही. कामाला अगदी योग्य. पण एक गेला तर दुसरा यायला किती दिवस? नानांची गाडी आठवडाभर उभी राहिली तर पाड्यावरचा पंप आठवडाभर बंद. तेव्हा कमी दाबाचा गॅस असलेला ट्विनट्यूब, ३५ मिमी बोअर (आतल्या नळीचा व्यास), दोन्हीकडे डोळा. म्हणजे जातीने तोच, जो नानांकडे आधीपासून होता. फक्त माप वेगळं.

आणि ताकद? इथे मी चुकलो.

विचार बरोबर केला होता. मागच्या ४८० किलोंतून हाउसिंग, चाकं वगैरे स्प्रिंगच्या खालचं अंदाजे १२० वजा केलं, तर एका बाजूच्या पाट्यावर मोकळी असताना १८० किलो, भरल्यावर ३२०. वजन पावणेदोन पट झालं. पण लागणारं डॅम्पिंग, म्हणजे हेलकावा मोडणारा जोर, वजनाच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून ते फक्त १.३३ पट. या दोहोंच्या मधलं काहीतरी घेतलं की दोन्हीकडे चालतं. 'माल जास्त, म्हणून शॉकप डबल कडक' हे गणितात बसत नाही. माल पाट्याने तोलायचा. शॉकप वजन उचलत नाही, फक्त हेलकावा मोडतो. शिवाय २५ अंश तिरका बसवल्याने शॉकपचा जोर चाकापाशी ८२ टक्केच लागतो, कारण कोसाइन दोनदा येतो, एकदा वेगात आणि एकदा बळात. तो १८ टक्क्यांचा तोटा भरून काढायचा म्हणून मी एक पायरी कडक मागवला. पाटे एकमेकांवर घासताना स्वतःच बरंच डॅम्पिंग करतात, हे धरलंच नाही. आणि मागवताना 'कडक' एवढंच बोललो, दाबताना कडक की उघडताना कडक हे विचारलं नाही.

पाटे उतरवून वायर ब्रशने घासले, टोकांना ग्रॅफाइट ग्रीस लावलं. शॉकप बसवायच्या आधी उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढले-दाबले. आडवे पडून आलेल्या ट्विनट्यूबमध्ये गॅस आतल्या नळीत शिरलेला असतो, तो काढल्याशिवाय पहिल्या काही इंचांत शॉकप पोकळ चालतो. डोळ्यांचे बोल्ट हाताने लावले, गाडी घोडीवरून उतरवली, चाकांवर उभी केली आणि मगच पाना फिरवला. लोंबत्या स्थितीत आवळलं की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. नानांचं फाटलेलं बुश फक्त ओढीने फाटलं नव्हतं, त्याला हा पीळही होताच. टायरची हवा मोकळीला २४, भरलेलीला २८.

कणकेचा गोळा

चाचणीला माझ्याकडे सेन्सर नाही. बंप स्टॉपरच्या रबराखाली, हाउसिंगवर, मी पिठाचा गोळा चिकटवतो. फेरी झाल्यावर तो किती चपटा झाला ते पट्टीने मोजायचं: चाक सर्वांत वर गेलं तेव्हा रबर आणि हाउसिंगमध्ये किती जागा उरली ते कळतं. नानांच्या घरून आधी कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आलं. ते सुकलं की तडकून पडतं. गव्हाची कणीक लागते, थोडं तेल घालून.

पहिल्या फेरीत मोकळी गाडी, फक्त नाना आणि एक पोरगा. 'टक्' पूर्ण गेला. चरांत चाक मऊ उतरत होतं, नाना खूश. पण खाली आल्यावर पाहिलं तर दोन्हीकडचे गोळे पापडासारखे. मोकळी गाडी, नव्वद मिमी जागा, ताशी वीसचा वेग, आणि रबर आपटलं? माझी पहिली शंका पाट्यांवर गेली, ग्रीस लावल्याने कमान बसली असेल म्हणून. उंची मोजली. तेवढीच होती.

दुसऱ्या फेरीला मी सोबत गेलो. तोरणमाळच्या पुढे एका पट्ट्यात वाट पन्हाळी पत्र्यासारखी झाली आहे, एकामागोमाग लहान लाटा. तिथे गाडी सुरुवातीला ठीक, मग दर लाटेला मागून थोडी थोडी खाली बसत गेली, आणि शंभरेक मीटरवर रबर वाजायला लागलं. गाडी थांबवली की हळूच वर आली. तेव्हा लक्षात आलं. शॉकप उघडताना इतका कडक होता की एका लाटेनंतर चाकाला पूर्ण खाली यायला वेळच मिळत नव्हता. त्याआधीच दुसरी लाट. प्रत्येक लाटेला थोडं थोडं येणं राहून जायचं आणि शॉकप मिटत मिटत तळाला. साधारणपणे शॉकप दाबण्यापेक्षा उघडताना दोन-तीन पट कडक ठेवतात. त्यावर मी आणखी एक पायरी चढवली होती.

चूक माझी होती. नानांना तसं सांगितलं आणि बदलीचा खर्च माझ्या अंगावर घेतला. त्याच मापाची, पण उघडताना हलकी जोडी मागवली. ती यायला अकरा दिवस लागले. त्या दिवसांत नाना त्याच कडक जोडीवर फिरले आणि लाटांच्या पट्ट्यात गाडी दहावर चालवली.

नव्या जोडीवर मोकळ्या गाडीत गोळा ३१ मिमी उरला. भरलेल्या गाडीत ९. भरलेल्या गाडीचा एकदा शून्यही झाला. नानांनी विचारल्यावर कबूल केलं की त्या फेरीत एक पाहुणा आणि दोन पोती धान्यही होतं. ते मी मोजमापात धरलेलं नाही.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरात गाडी धुऊन वर घेतली. मागचे दोन्ही शॉकप कोरडे. नवा ब्रॅकेट, वेल्डच्या कडा, बुश, सगळं जागेवर. डाव्या पट्ट्याला दगडाने सुताची कड कापलेली होती, तो बदलला. पाट्यांत काळ्या मातीचा थर घट्ट बसलेला, खरवडून पुन्हा ग्रीस. शॅकल, ब्रॅकेट, पट्टे, मागची जोडी आणि मजुरी मिळून सारा खर्च नानांच्या दुसऱ्या जोडीच्या निम्म्याच्या आसपास राहिला. माझी चुकलेली जोडी त्यात धरलेली नाही.

पुढची बाजू तशीच आहे. तिथे लांब शॅकल नव्हते, फक्त कमान वाढवलेली. माप घेऊन ठेवलं आहे: उभ्या गाडीत खाली जायला ४५ मिमी शिल्लक. मागच्यासारखी बिकट अवस्था नाही, पण एक चाक धोंड्यावर आणि एक चरात गेलं की पुढचा उजवा शॉकप टोकाला पोहोचतो, आणि तिथल्या सीलपाशी तेलाचा ओलावा दिसायला लागला आहे. नानांना दाखवला. सरकारी बिल निघालं की आणतो म्हणाले.